तिथीवर न चालणारा समुद्र

ऑफिस बंद केलं त्याला बरेच दिवस झाले, तरी रत्नागिरीच्या बाजारात मला कोणी ना कोणी अडवतंच. "मॅडम, मॉरिशसला स्वेटर लागतो का हो?" मी हातातली मेथीची जुडी खाली ठेवते आणि सांगते. जुलै-ऑगस्टात जाणार असाल तर पातळ स्वेटर घ्या, आपल्याकडे धो धो पाऊस असतो तेव्हा तिकडे थंडी असते. पण ऊन लबाड आहे, वाऱ्यात कळत नाही आणि संध्याकाळी मानेची सालं निघतात, म्हणून टोपी विसरू नका. चलन रुपयाच आहे, पण आपला नव्हे. घड्याळ दीड तास मागे करा. प्लगच्या पिना जाड आणि चौकोनी असतात, तेव्हा अ‍ॅडॅप्टर इथूनच घेऊन जा. सुरूची झाडं पाहून आपल्याच किनाऱ्यावर आल्यासारखं वाटेल, तिथे हुरळून अनवाणी पळू नका, पाण्यात काटेरी जीव असतात. इतकं सगळं समाधानाने ऐकून घेतल्यावर माणूस शेवटी विचारतो, "आणि समुद्र कसा आहे?"

तिथे मी मेथीची जुडी उचलते आणि घाईत असल्याचं दाखवते. त्या प्रश्नाचं उत्तर भाजीवाल्यासमोर उभं राहून देता येण्यासारखं नाही. ते इथे देते.

माझा धंदा सहली नेण्याचा. चिपळूणपासून राजापूरपर्यंतची माणसं गोळा करायची आणि त्यांना परदेश दाखवून सुखरूप घरी आणायचं. लोकांना वाटतं, टूर लीडर म्हणजे हातात झेंडा धरून पुढे चालणारी बाई. झेंडा धरायला अक्कल लागत नाही. खरं काम बोलण्याचं. निघायच्या आधी एका शाळेच्या हॉलमध्ये मी सगळ्यांना बोलवायचे आणि काय न्यायचं, काय नाही, काय करायचं, काय टाळायचं हे घसा बसेपर्यंत सांगायचे. लोक माना डोलवायचे, चहा-बटाटेवडा घ्यायचे आणि घरी जाऊन आपल्याला हवं तेच करायचे.

त्या बेटावर बाहेरची झाडं, बिया, फळं परवानगीशिवाय नेता येत नाहीत. हे मी दरवेळी दोनदा सांगे. तरी मालगुंडच्या एका बागाईतदारांनी हापूसचं कलम छत्रीत गुंडाळून नेलं. पकडल्यावर म्हणाले, "अहो, त्या लोकांना जन्मभर आंबे खायला मिळाले असते, मी काय चोरून न्यायला आलोय? द्यायलाच आलोय." अधिकाऱ्याला इंग्रजी येत होतं, फ्रेंच येत होतं, पण हा मुद्दा त्याच्या पचनी पडला नाही. एका काकूंनी सोडे आणि सुकट साडीच्या घडीत ठेवली होती. बॅग उघडली आणि पलीकडच्या रांगेतले लोकही वळून पाहू लागले. एक निवृत्त गुरुजी तर ज्वालामुखी बघायला म्हणूनच आले होते. बेट ज्वालामुखीतून वर आलेलं आहे, पण तो कधीचाच विझलाय, हे मी सांगितलं होतं. एका विवरात रान माजलंय, दुसऱ्यात तळं आहे आणि काठावर शंकराचं देऊळ. गुरुजींनी रस्त्याकडेचा काळा दगड उचलून न्याहाळला आणि म्हणाले, "हा तर आंबा घाटातला. यासाठी मी पासपोर्ट काढला?"

असे किस्से सांगून मी वर्षानुवर्षं लोकांना हसवलं. आता सांगायला लागले की पुढचा किस्सा आपोआप ओठांवर येतो, आणि तो हसण्यासारखा नाही.

हॉलमधल्या त्या बोलण्यात एकच गोष्ट मी न हसता सांगायचे, ती समुद्राची. आमच्या माणसांना ती कळावी म्हणून आमच्याच भाषेत सांगायचे. आपल्या बागेच्या कुंपणाला चिऱ्यांचा गडगा असतो ना, तसा त्या बेटाला पोवळ्याचा गडगा आहे. मोठी लाट त्या गडग्यावर फुटते. आतलं पाणी हिरवंगार, शांत, कमरेएवढं. पोरांनीही खुशाल डुंबावं. पण लाटा रात्रंदिवस गडग्यावरून पाणी आत टाकत असतात, आणि आत आलेलं पाणी परत गडगा चढून जाऊ शकत नाही. ते बेड्यातून बाहेर पडतं. बागेत शिरायला गडग्यात जी वाट ठेवतात तिला आम्ही बेडं म्हणतो. पोवळ्यातही अशी बेडी असतात. तिथे पाणी वरून दिसतं संथ, लाट फुटत नाही, आणि खालून ते नदीसारखं बाहेर धावत असतं. त्या बाजूला जायचं नाही.

हे सांगत असताना त्या वर्षी मागच्या रांगेतून आवाज आला, "मॅडम, पान्याचा आमाला नका सांगू."

सगळे हसले. तो माणूस पूर्णगडचा दत्ताराम. जन्म होडीवर गेलेला, पुढे तांडेल झालेला, म्हणजे अख्खी बोट आणि तिच्यावरच्या माणसांचे जीव ज्याच्या शब्दावर चालतात तो. गुडघ्यांनी दगा दिल्यावर बोट पुतण्याच्या हवाली केलेली. मुलगी नयना मुंबईत नर्स. तिने आईवडिलांना ही सहल करायला लावली होती. शेजारी त्यांची बायको शेवंतीकाकी बसल्या होत्या, नवी कोरी पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून.

"दत्ताभाऊ, तुम्हाला नाही, बाकीच्यांना सांगते," मी म्हटलं.

माझ्या त्या वाक्यालाही लोक हसले.

दत्ताभाऊंची विद्या खरी होती. आमच्या किनाऱ्यावर तिथी सांगितली की जुना माणूस पाण्याची वेळ सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा पाणी जोरात चढतं आणि जोरात उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याला ओढ नसते. भांगाचं पाणी म्हणजे भिण्याचं कारण नाही. दत्ताभाऊंना यासाठी कॅलेंडर लागत नसे. या हिशोबावर त्यांनी किती माणसं घरी आणून सोडली असतील, देव जाणे.

बेटावर पोचलो आणि पहिल्याच संध्याकाळी ते किनाऱ्यावर मान वर करून फिरताना दिसले. मी विचारलं, काय शोधताय?

"ध्रुव खंयच दिसत नाय."

मी सांगितलं, आपण विषुववृत्त ओलांडून खाली आलोय, इथून ध्रुवतारा दिसत नाही. त्यांना ते पटलं नाही असं नाही, पण आवडलं नाही. बराच वेळ उभे राहिले. मग काकींना म्हणाले, "चुकल्यासारका वाटतंय गो हितं. दिशाच नाय." काकींनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली आणि आम्ही जेवायला गेलो.

पुढे तीन-चार दिवस माणूस मजेत होता. तिकडचे कोळी लांबट, अरुंद होड्या चालवतात, त्यांच्याशी हातवारे करून गप्पा. आमच्या बसचा चालक रामजी, त्याचे पूर्वज आमच्या भागातूनच ऊस तोडायला गेलेले. त्याला गणपतीची आरती अख्खी पाठ, पण मराठीत पाणी मागता येत नव्हतं. दत्ताभाऊंनी त्याला "पानी व्हया" म्हणायला शिकवलं आणि मग दिवसभर तो तेवढंच म्हणत होता.

त्या सकाळी आषाढातली अष्टमी होती. दत्ताभाऊ चहाच्या आधी आंघोळीला म्हणून उतरले. काकी सुरूखाली बसल्या होत्या. जाताना ते त्यांना म्हणाले होते, "आज भांग हाय. पान्यात जीवच नाय. मी जरा त्या वाटेपातूर जावन येतंय."

वाट म्हणजे ते बेडं. आम्हा लोकांची नजर अशीच घडलेली. खाडीच्या तोंडावर लाट जिथे फुटत नाही तिथे पाणी खोल, तिथूनच होडी आत घ्यायची, हे पोरगं चालायला लागतं तेव्हापासून शिकतं. होडीसाठी ते शंभर टक्के खरं आहे. पोहणाऱ्या माणसासाठी त्या बेटावर ते उलटं आहे. आणि तिथल्या बेड्याला अष्टमी ठाऊक नाही. दूर दक्षिणेत कुठेतरी वादळ झालं की त्याच्या लाटा दोन दिवसांनी येऊन त्या गडग्यावर पाणी ओततात, मग तिथी कुठलीही असो. डोंबिवलीचा माणूस असता तर गुडघाभर पाण्यात घाबरून बसला असता आणि वाचला असता. हा समुद्र जाणणारा होता, म्हणून गेला.

काकींनी त्यांना जाताना पाहिलं. डोकं लहान होत गेलं. मग हात वर झाला.

"माका वाटला, बघायला बोलवतत," काकी मला नंतर म्हणाल्या. "मी पन हात केला."

कोळ्यांच्या होड्या लगेच निघाल्या. गस्तीची बोट आली, हेलिकॉप्टर फिरलं. मी अर्ध्या लोकांना खोलीत बसवलं, अर्धे ऐकेनात. नयनाला फोन केला. त्या फोनबद्दल मला लिहिता येणार नाही.

काकी सुरूखालून हलल्या नाहीत. रडल्याही नाहीत. दुपार झाली तेव्हा त्यांनी बोटांची पेरं मोजली आणि मला म्हणाल्या, "सांजच्याला सा वाजता भरती पुरी व्हईल. भरतीबरोबर येतील. आमच्याकडं भरतीलाच येतत."

आमच्याकडे खरोखरच तसंच असतं. बुडालेलं माणूस समुद्र कुठल्यातरी भरतीला वाळूवर आणून ठेवतो, आणि गावातली माणसं तिथीवरून सांगतात की अमुक खडकापाशी बघा. किती घरांना तेवढंच समाधान मिळालंय. काकी रडत नव्हत्या, कारण त्यांच्या हिशोबात अजून वेळ होती.

माझं आयुष्य लोकांना खरी माहिती देण्यात गेलं. मी त्यांच्याजवळ वाळूत बसले आणि सांगितलं, "काकी, इथे पाणी तसं चढत नाही. दोन वितीच चढतं. आणि बेड्यातून गेलेलं पाणी बाहेर जातं."

"पानी ता पानी," त्या म्हणाल्या आणि समोर बघत राहिल्या.

सहा वाजले. पाणी थोडं चढलं, वाळूवर दुधासारखी रेघ काढून परत गेलं. रामजी चहा घेऊन आला. त्याला आणखी काही सुचेना, म्हणून तो म्हणाला, "पानी व्हया?" काकींनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग त्या ज्या रडल्या, तसं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

बाकीची माणसं ठरल्या विमानाने परत गेली. नयना आली. आम्ही तिघी थांबलो. शोध घेणारी माणसं भली होती, त्यांनी हलगर्जी केली असं मी कुठेही म्हणणार नाही. एका सकाळी त्यांचा अधिकारी टोपी काखेत धरून आला आणि त्याने मला हळू आवाजात सांगितलं की आता शोध थांबवतोय. मी ते मराठीत सांगितलं. हेही माझ्या कामातच येतं.

काकींनी एवढंच विचारलं, "भायेर गेले म्हनताव. भायेर म्हंजे कुटं?"

कुठल्या बंदराला काय मिळतं, कुठल्या दुकानात भाव पडतो, कुठलं विमान कुठे थांबतं, मला सगळं पाठ होतं. बाहेर म्हणजे नुसता समुद्र होता. परतीच्या विमानात त्यांनी दत्ताभाऊंच्या चपला पिशवीत घालून मांडीवर धरल्या होत्या. हवाईसुंदरीने पिशवी वर ठेवायला मागितली, तेव्हा नयना तिला म्हणाली, "प्लीज, राहू दे."

त्यानंतर मी एकच सहल नेली. हॉलमध्ये बेड्यापर्यंत आले आणि मागच्या रांगेकडे बघायला लागले. तिथे कोणी नव्हतं. मी तिथेच खुर्चीवर बसले. लोकांना वाटलं, मॅडमना बरं नाही.

दिवाळीनंतर नयनाचा फोन आला. गावात सगळे खोळंबले होते. देह मिळाला नाही तर दर्भाची आकृती करून तिला अग्नी देतात, मग बाकीचे विधी होतात. भटजी तयार होते, भावकी तयार होती. काकी नाही म्हणत होत्या. रोज भरतीच्या वेळी मुचकुंदीच्या खाडीच्या तोंडाशी जाऊन बसत होत्या. मंगळसूत्राला कोणी हात लावायची हिंमत केली नव्हती. "ताई, ती तुमचं ऐकेल," नयना म्हणाली. "तिला सांगा, आता बाबा यायचे नाहीत."

मी पूर्णगडला गेले. होड्या बाहेर पडलेल्या, किनाऱ्यावर जाळ्यांचे ढीग. काकी वाळलेल्या दिसत होत्या, पण डोळे जागेवर होते. वेड लागलेल्या बाईचे ते डोळे नव्हते. मी पाठ करून गेलेली वाक्यं बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ता मला म्हाईत हाय, बाय. गेले ते. मी काय येडी नाय." मग त्या पाण्याकडे वळल्या. "पन त्येंना वाट गावत नसंल. हितली समदी वाट ठावकी. तिकडं ध्रुव नाय म्हनत व्हते ना? ऱ्हवले असतील थयंच फिरत. वाट न सांगता जाळला तर खंय येतील?"

मी त्यांच्या शेजारी टेकले.

"तुमाला वाट ठावकी हाय," त्या म्हणाल्या. "तुमी गाऱ्हाना घाला. त्या हॉलात सांगत व्हतात, तसा सांगा त्येंना. मग काय ता करा म्हनावा भटजींना."

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे कुठल्याही कामाआधी गावचा जाणता माणूस देवासमोर उभा राहून, काय चाललंय आणि काय हवंय ते मोठ्याने सांगतो, आणि जमलेले लोक प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते घालणारा ठरलेला असतो, तो पुरुष असतो आणि त्या गावचा असतो. मी यातलं काहीच नव्हते. शिवाय माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तो मान ज्यांचा, ते पूर्णगडचे म्हातारे गावकर तिथेच बसले होते. त्यांनी घसा खाकरला, मला वाटलं हरकत घेणार. ते म्हणाले, "घाला मॅडम. आमी 'व्हय' म्हनतो."

खाडीच्या तोंडाशी वाळूवर ती दर्भाची आकृती ठेवली होती, लहानशी, पायाशी त्याच चपला. भावकी मागे उभी होती. काकी माझ्या शेजारी. मी समुद्राकडे तोंड केलं. मग सवयीने हॉलमधला आवाज लागला.

"दत्ताभाऊ, नीट ऐका. त्या दिवशी तुम्ही ऐकलं नाहीत. मी म्हटलं होतं, तुम्हाला नाही सांगत, बाकीच्यांना सांगते. आज तुम्हालाच सांगते."

"व्हय म्हाराजा," मागून गावकर म्हणाले, आणि त्यांच्यामागोमाग सगळे.

"बेड्यातून बाहेर पडलात ते परत बघू नका. बेटाकडे पाठ करा. सूर्य उगवेल तो उजव्या अंगाला ठेवा आणि सरळ वर या. पहिले बरेच दिवस आकाश ओळखीचं दिसणार नाही. घाबरू नका. एका रात्री पाण्याला टेकलेला ध्रुव दिसेल. तो दिसला की समजा अर्धी वाट झाली."

"व्हय म्हाराजा."

"मग तो नाकासमोर धरा आणि जरा उजवीकडे सरकत या. तो चढत जाईल तसे तुम्ही घराजवळ येताय. उजव्या हाताला जमीन लागेल. आधीच्या खाड्यांत शिरू नका, कोणी ओळखीचं हाक मारलं तरी थांबू नका. मुचकुंदीच्या तोंडाशी या. किल्ला डाव्या हाताला." इथे माझा आवाज फुटला. खोटं कशाला सांगू, मला रडू आवरेना. काकींनी माझं मनगट धरलं, घट्ट, दुखेल इतकं. "तोंडावर वाळू साठली आहे. ते मी तुम्हाला काय सांगणार. इथे तुमचीच तिथी चालते, दत्ताभाऊ. भरती बघा आणि आत या."

"व्हय म्हाराजा."

पाणी चढत होतं. काकींनी ते एकदा नजरेने मोजलं, बोटांची पेरं मोजतात तसं, आणि माझं मनगट सोडलं. मग भटजींकडे वळून म्हणाल्या, "आता पेटवा."